वाणीचे स्थान : पॅरिसमधील दोन मेंदू आणि स्थाननिश्चितीचा वाद

मेंदूविषयक संशोधनाच्या इतिहासात १८६१ हे वर्ष युगारंभाचे मानण्याची रूढी आहे. पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका याने त्या वर्षी वाणीचे स्थान शोधून काढले, असे पाठ्यपुस्तकांतून एका वाक्यात सांगितले जाते आणि विद्यार्थीही ते एका वाक्यात लक्षात ठेवतात. हे वाक्य असत्य नाही. तथापि त्यात दोन स्वतंत्र विधाने नकळत एकवटली आहेत. मेंदूच्या अमुक भागास इजा झाली असता वाणी नष्ट होते, हे एक विधान. आणि त्या भागात वाणी वसते, हे दुसरे. पहिले निरीक्षण आहे, दुसरे अनुमान आहे. या दोहोंमधील अंतर मोजण्यात पुढील दीडशे वर्षांतील पुष्कळसे संशोधन खर्ची पडले. आणि प्रत्येक नव्या पद्धतीची कसोटी ज्यांवर लावून पाहिली गेली, ते दोन मेंदू ब्रोकानेच जपून ठेवलेले होते.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सामान्यतः १,३०० ते १,४०० ग्रॅम भरते. त्याचा बहुतांश मोठ्या मेंदूने व्यापलेला असून त्याचे डावा व उजवा असे दोन गोलार्ध पडतात. त्यांच्या मागे व खाली लहान मेंदू असतो, आणि मेंदूला पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूशी जोडणारा सर्वांत खालचा भाग म्हणजे लंबमज्जा. मोठ्या मेंदूवरील करड्या थरास बाह्यक म्हणतात. तो सपाट नसून फुगीर वळ्या व त्यांच्यामधील खाचा यांनी सुरकुतलेला आहे. प्रत्येक गोलार्धाचे ललाटखंड, पार्श्वखंड, शंखखंड व पश्चखंड असे भाग मानण्यात येतात. ही विभागणी रूढ करण्यात पिएर ग्रातिओले या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. खंडांची ही नावे त्या त्या भागावर असलेल्या कवटीच्या हाडांवरून दिलेली आहेत. त्यांच्या कार्याविषयी ती काहीच सांगत नाहीत. हा संयम शहाणपणाचा होता, असेच म्हटले पाहिजे. कारण मेंदूच्या भागांना कार्यावरून नावे देण्याचा एक मोठा प्रयत्न त्यापूर्वी होऊन गेला होता आणि तो हास्यास्पद ठरला होता.

तो प्रयत्न फ्रान्झ योसेफ गाल (१७५८–१८२८) याचा. गाल हा आपल्या काळातील एक उत्कृष्ट शरीररचनाशास्त्रज्ञ होता, ही गोष्ट आज बहुधा विस्मृतीत गेली आहे. मेंदू हा एकजिनसी गोळा नसून निरनिराळ्या शक्तींच्या निरनिराळ्या इंद्रियांचा तो समूह आहे, हे त्याचे मूळ प्रतिपादन. अशा २७ शक्ती त्याने मानल्या. त्यांतील १९ मनुष्य व इतर प्राणी यांना समान आणि ८ केवळ मनुष्याच्या. येथपर्यंत त्याचे म्हणणे निदान विचारार्ह होते. परंतु जी शक्ती प्रबळ, तिचे इंद्रिय मोठे, आणि जे इंद्रिय मोठे, त्यावरील कवटीस उंचवटा, अशी साखळी जोडून तो कवटी चाचपडून स्वभाव सांगू लागला. बालपणी पाठांतरात पुढे असणाऱ्या सोबत्यांचे डोळे बटबटीत असल्याचे त्याला आठवत होते. म्हणून शब्दस्मृतीचे स्थान डोळ्यांच्या पाठीमागे, ललाटखंडात! व्हिएन्नामध्ये त्याच्या व्याख्यानांवर सम्राटाने बंदी घातली, त्याने १८०५ मध्ये ते शहर सोडले आणि १८०७ मध्ये तो पॅरिसला आला. पुढे त्याचा शिष्य श्पुर्त्सहाइम आणि इतर प्रचारक यांच्या हाती या मताला आपल्याकडील सामुद्रिकाचे रूप आले.

गालच्या मताचे खंडन पिएर फ्लुरांस याने प्रयोगांनी केले. १८२० नंतरच्या दशकात त्याने कबुतरे, कोंबड्या, ससे इत्यादी प्राण्यांच्या मेंदूचे भाग क्रमाक्रमाने काढून परिणाम नोंदविले. मोठा मेंदू काढलेला पक्षी जिवंत राही, हवेत फेकल्यास उडे, परंतु स्वतः होऊन काहीच करीत नसे. लहान मेंदू काढल्यास चालण्या-उडण्यातील सुसूत्रता नाहीशी होई. लंबमज्जेस ठराविक जागी इजा होताच श्वसन थांबे. मेंदूच्या तीन मुख्य भागांची कार्ये भिन्न आहेत, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. मात्र मोठ्या मेंदूच्या आत अशी कोणतीही वाटणी त्याला आढळली नाही. परिणाम कोणता भाग काढला यावर नव्हे, तर किती भाग काढला यावर अवलंबून असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. १८४२ मध्ये त्याने कपालसामुद्रिकावर टीकाग्रंथ लिहिला आणि तो देकार्तच्या स्मृतीस अर्पण केला. आत्म्याच्या अखंडतेचा पक्षही त्यात गुंतला होता, हे या अर्पणावरून उघड होते. ज्या पक्ष्यांच्या मेंदूला वळ्याच नाहीत त्यांच्यावरून मानवी वळ्यांविषयी निर्णय देणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न मात्र त्याने फारसा मनावर घेतला नाही. गालची पद्धती सदोष आणि मूळ कल्पना अंशतः खरी. फ्लुरांसची पद्धती शुद्ध आणि मुख्य निष्कर्ष चुकीचा. विज्ञानाच्या इतिहासात असे योग दुर्मीळ नाहीत.

गालच्या मतातील एकच दुवा वैद्यकात जिवंत राहिला, तो वाणीचा. झाँ-बातिस्त बुइयो याने १८२५ मध्ये रुग्णांच्या शवपरीक्षांच्या आधारे असे मांडले की, उच्चाराचे नियमन ललाटखंडांत होते. प्रतिपक्षाने विरोधी उदाहरणे पुढे केली. अखेर १८४८ मध्ये बुइयोने ५०० फ्रँकांची पैज लावली : ललाटखंडांस गंभीर इजा होऊनही वाणी शाबूत राहिल्याचे एक तरी उदाहरण दाखवावे. तरीही वाद मिटला नाही. कारण प्रत्येक पक्षाजवळ आपापले रुग्ण होते, आणि ‘ललाटखंड’ हे नाव इतक्या मोठ्या प्रदेशास लागू होते की त्यात कोठे इजा झाली, हे काटेकोरपणे सांगण्याची कोणासच सवय नव्हती.

फेब्रुवारी १८६१ मध्ये हा वाद एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा पेटला. ब्रोकाने १८५९ मध्ये स्थापन केलेल्या पॅरिसच्या मानवशास्त्र-मंडळात ग्रातिओलेने मेक्सिकोतील टोटोनाक जमातीची एक कवटी सादर केली. तिच्या आकारावरून मेंदूचे आकारमान व बुद्धी यांच्या संबंधाची चर्चा निघाली. आकारमानावरून बुद्धी ठरत नाही, मेंदू एकसंध कार्य करतो, असा ग्रातिओलेचा पक्ष होता. ब्रोका विरुद्ध बाजूस होता. येथे हे नमूद करणे अवश्य आहे की, कवट्या मोजून मानववंशांची व स्त्रीपुरुषांची उतरंड लावण्याचा जो उद्योग ब्रोकाने पुढे आयुष्यभर केला, त्याचे निष्कर्ष टिकले नाहीत. त्या चर्चेत ग्रातिओलेच अधिक सावध होता. परंतु याच चर्चेत बुइयोचा जावई एर्नेस्त ओबुर्तां याने वाणीचा मुद्दा आणला. आत्महत्येच्या प्रयत्नात ज्याच्या कपाळाचे हाड उडून मेंदू उघडा पडला होता अशा एका माणसाची हकीकत त्याने सांगितली : तो बोलत असता ललाटखंडावर पसरट पात्याने हलकेच दाब दिला की त्याचे बोलणे मध्येच थांबे, दाब काढताच पुन्हा सुरू होई. वाणी गमावलेल्या एखाद्या रुग्णाच्या शवपरीक्षेत ललाटखंड निर्दोष आढळल्यास आपण आपले मत सोडून देऊ, अशी प्रतिज्ञाही त्याने एप्रिलच्या आरंभी केली. एकाच उदाहरणावर सर्व मत पणाला लावण्याची ही तयारी त्या वादात नवीन होती.

त्यानंतर आठवड्याभराच्या आतच, ११ एप्रिल रोजी, पॅरिसच्या दक्षिणेस असलेल्या बिसेत्रच्या रुग्णालयात ब्रोकाच्या शस्त्रक्रिया-विभागात लबोर्न्य नावाचा ५१ वर्षांचा एक रोगी आणण्यात आला. त्याच्या उजव्या पायास गँगरीन झाले होते. तो एकवीस वर्षे बिसेत्रमध्येच होता. कोणत्याही प्रश्नास तो ‘तां, तां’ एवढेच उत्तर देई, म्हणून तेथे सर्वजण त्याला ‘तां’ याच नावाने ओळखत. क्वचित संतापाच्या भरात त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडे. लहानपणापासून त्याला अपस्मार होता. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास वाणी गेली. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडू लागला, मग उजवा पाय. ब्रोकाने ओबुर्तांला मुद्दाम बोलावून हा रोगी दाखविला. त्याची समज शाबूत आहे की नाही, याचीही ब्रोकाने कसून परीक्षा घेतली. बिसेत्रमध्ये किती वर्षे काढलीस, असे विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि एक बोट वर केले. घड्याळातील वेळ त्याला सांगता येई. रोग कोणत्या क्रमाने वाढला असे विचारता त्याने प्रथम जिभेकडे, मग हाताकडे, मग पायाकडे बोट दाखविले. ज्याच्यापाशी एकच अक्षर उरले होते अशा माणसाने स्वतःच्या रोगाचा इतिहास इतक्या नेमकेपणाने सांगितला, ही या सर्व प्रकरणातील विशेष हृद्य गोष्ट आहे. आणि ब्रोकाच्या पुढील अनुमानाचा सारा भार या उत्तरावरच पडला, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

१७ एप्रिल रोजी लबोर्न्य मरण पावला. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने त्याचा मेंदू मंडळापुढे ठेवला. डाव्या ललाटखंडात कोंबडीच्या अंड्याएवढी पोकळी होती व तीत द्रव साचलेला होता. भोवतालचा भागही बराच दूरवर मऊ पडलेला होता. संपूर्ण मेंदूचे वजन १,००० ग्रॅमही भरले नाही. म्हणजे नाश केवळ एका वळीपुरता नव्हता. मग वाणीचा संबंध नेमक्या तिसऱ्या ललाटवळीशीच का जोडावा? ब्रोकाची युक्ती अशी : रोग हळूहळू पसरणारा होता, ज्या ठिकाणी नाश पूर्णत्वास गेला आहे ते ठिकाण सर्वांत जुने, आणि रोग्याचे सर्वांत जुने लक्षण म्हणजे वाणीचा लोप. पहिली दहा वर्षे रोग तिसऱ्या वळीपुरता मर्यादित असला पाहिजे. पुढे तो पसरला तेव्हा हातपाय गेले. स्थळावरून काळ आणि काळावरून कार्य, असे हे अनुमान आहे. भूस्तरांवरून पृथ्वीचे वय काढणाऱ्या समकालीन भूगर्भशास्त्राची आठवण करून देणारी ही रीत चातुर्याची खरी, परंतु तिच्यातील मधला दुवा, म्हणजे वीस वर्षांपूर्वी रोग कोठे होता, हे कोणीही पाहिलेले नव्हते.

ब्रोकाला याची जाणीव नव्हती असे नाही. ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत निबंधात त्याची भाषा सावध आहे. या विकारास त्याने जे नाव दिले ते टिकले नाही. १८६४ मध्ये त्रूसो याने सुचविलेले नाव जगभर रूढ झाले, आणि मराठीत त्यासाठी ‘वाचाघात’ हा शब्द आहे. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात लेलाँ नावाचा ८४ वर्षांचा दुसरा रोगी ब्रोकाकडे आला. त्याचे मांडीचे हाड मोडले होते. त्याच्यापाशी पाच शब्द उरले होते : ‘होय’, ‘नाही’, ‘नेहमी’, स्वतःच्या नावाचा अपभ्रंश, आणि ‘तीन’ या अर्थाचा एक मोडका शब्द, जो तो कोणत्याही संख्येसाठी वापरी, मात्र खरी संख्या बोटांनी बरोबर दाखवी. त्याच्याही मेंदूत इजा तिसऱ्या डाव्या ललाटवळीच्या मागील भागात निघाली, आणि ती लबोर्न्यच्या मानाने पुष्कळच मर्यादित होती. दोन्ही उदाहरणे डाव्या बाजूची आहेत, याचे महत्त्व ब्रोकाच्या लगेच लक्षात आले नाही. १८६३ पर्यंत त्याच्यापाशी अशी आठ उदाहरणे जमली, सर्व डावीकडची. १८६५ मध्ये त्याने डाव्या गोलार्धाचे वाणीतील प्राधान्य उघडपणे मांडले. या शोधावर दक्षिण फ्रान्समधील मार्क दाक्स या वैद्याचाही हक्क सांगण्यात येतो. त्याचा टिपणवजा लेख १८३६ चा असल्याचे त्याच्या मुलाने म्हटले व तो १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. अग्रहक्काचा हा तंटा अद्यापि रंगतो. त्याची येथे जरुरी नाही. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, ब्रोकाने हे दोन्ही मेंदू कापले नाहीत. आत नाश किती खोल गेला आहे हे पाहण्याचा मोह आवरून त्याने ते अखंड द्रवात ठेवले व पॅरिसच्या द्युपुइत्राँ संग्रहालयास दिले.

यानंतर संशोधनाची पद्धती बदलली. १८७० मध्ये बर्लिनमध्ये गुस्टाव्ह फ्रिच व एडुआर्ड हिट्सिग यांनी कुत्र्याच्या उघड्या बाह्यकावर सौम्य विद्युत्प्रवाह सोडून विरुद्ध बाजूच्या अवयवांची हालचाल घडवून आणली. प्रवाहाची तीव्रता ते स्वतःच्या जिभेच्या टोकाला विद्युदग्रे लावून ठरवीत. रोगाची वाट न पाहता निरोगी मेंदूला प्रश्न विचारण्याची ही रीत होती. डेव्हिड फेरियर याने १८७३ पासून इंग्लंडमध्ये माकडांवर असेच प्रयोग करून बाह्यकाचा नकाशा तयार केला. इतकेच नव्हे, तर १८७६ च्या ग्रंथात माकडाच्या मेंदूवरील खुणा त्याने मानवी मेंदूच्या चित्रावर तशाच उतरविल्या. १८८१ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक-परिषदेत या नकाशाची जाहीर परीक्षा झाली. स्ट्रासबुर्गच्या फ्रीडरिख गोल्ट्सने मेंदूचा मोठा भाग काढूनही चालणारा-फिरणारा कुत्रा आणला होता. फेरियरने एका ठराविक भागावरील शस्त्रक्रियेनंतर अर्धांगवायू झालेले माकड आणले. ते लंगडत येताना पाहून शार्को ‘हा तर रुग्णच!’ असे उद्गारला, असे म्हणतात. दोन्ही प्राण्यांचे मेंदू समितीने तपासले. फेरियरच्या माकडातील इजा त्याने सांगितली तेथेच निघाली, गोल्ट्सच्या कुत्र्यातील नाश मात्र सांगितल्यापेक्षा कमी निघाला. स्थानवाद्यांचा हा विजय मानला गेला. त्याच वर्षी प्राणिरक्षणाच्या कायद्याखाली फेरियरवर खटला झाला, परंतु शस्त्रक्रिया परवानाधारक सहकाऱ्याने केली होती, असे निष्पन्न होऊन तो सुटला.

या नकाशावर केवळ विद्वत्तेचा वाद अवलंबून नव्हता. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यवैद्याने एका तरुणाची कवटी उघडली. वरून कोणतीही खूण दिसत नव्हती. हातापायांच्या झटक्यांवरून व लुळेपणावरून ह्यूज बेनेट याने मेंदूतील गाठीची जागा ठरविली होती. गाठ नेमकी तेथेच सापडली. सुमारे चार आठवड्यांनी जखमेत जंतुदोष होऊन तो तरुण दगावला, तरी निदान अचूक होते. हालचालीच्या बाबतीत स्थाननिश्चिती एवढी खरी ठरल्यावर वाणीच्या बाबतीतही ती तशीच असली पाहिजे, असा समज दृढ झाला. येथेच घोटाळा आहे. बोट हलविणे आणि वाक्य बोलणे या एकाच जातीच्या क्रिया नव्हेत.

हे ओळखणारे दोघेजण त्याच काळात होते. कार्ल वेर्निके याने १८७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, दुसऱ्या प्रकारचा वाचाघात वर्णिला. त्यात रोगी अस्खलित बोलतो, पण ते अर्थहीन असते आणि दुसऱ्याचे बोलणे त्याला कळत नाही. इजा डाव्या शंखखंडाच्या वरच्या वळीच्या मागील भागात असते. त्यावरून वेर्निकेने असे मांडले की, साध्या संवेदना व हालचाली यांचीच स्थाने असतात. वाणी ही त्यांना जोडणाऱ्या तंतूंतून घडते. त्याच वर्षी इंग्लंडात ह्यूलिंग्ज जॅक्सन याने याहून मूलगामी आक्षेप घेतला : वाणीचा नाश करणाऱ्या इजेचे स्थान ठरविणे वेगळे आणि वाणीचे स्थान ठरविणे वेगळे. लबोर्न्यच्या शिवीचे मर्म जॅक्सनला उमगले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याच्या मते भावनेच्या भरातील उद्गार व विचारपूर्वक केलेले विधान ही वाणीची दोन भिन्न रूपे असून त्यांतील एक नष्ट झाले तरी दुसरे राहू शकते. जॅक्सनची शैली दुर्बोध होती आणि समकालीनांनी त्याच्या या विधानाचे महत्त्व पुरेसे जाणले नाही.

१९०६ मध्ये पिएर मारी याने संग्रहालयातील ते दोन मेंदू पुन्हा पाहिले आणि तिसऱ्या ललाटवळीचा भाषेशी काही विशेष संबंध नाही, असे बेधडक जाहीर केले. लबोर्न्यचा नाश फार मागेपर्यंत, वेर्निकेच्या भागापर्यंत पसरलेला आहे; लेलाँच्या मेंदूत तर केवळ वार्धक्याची झीज आहे, असे त्याचे म्हणणे. १९०८ मध्ये पॅरिसच्या मज्जाविकार-मंडळात त्याचा व झ्यूल देजेरीन याचा गाजलेला वादविवाद झाला. त्यात देजेरीनची पत्नी ओग्युस्ता देजेरीन-क्लुंप्के हिने रचनाशास्त्राच्या आधारे मारीची चांगलीच कोंडी केली. मारीचा निष्कर्ष अतिरेकी होता, पण मूळ पुरावा पुन्हा पाहण्याचा त्याचा आग्रह योग्यच होता. गंमत अशी की, त्यानेही मेंदू कापले नाहीत, आणि त्यामुळे दोन्ही पक्ष आत न पाहिलेल्या नाशाविषयीच वाद घालीत राहिले.

इकडे सूक्ष्मदर्शकाने दुसरा मार्ग उघडला होता. गोल्जीच्या चांदीच्या रंजनपद्धतीने (१८७३) एकेक मज्जापेशी तिच्या फांद्यांसह दिसू लागली, आणि काहाल याने तिच्या साहाय्याने प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, हे दाखविले. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघा परस्परविरोधी मतांच्या शास्त्रज्ञांना विभागून मिळाले. कोर्बिनियन ब्रोडमान याने १९०९ मध्ये पेशींच्या थरांच्या रचनेवरून बाह्यकाचे क्रमांकित क्षेत्रांत विभाजन केले. त्याचे क्रमांक ५२ पर्यंत जातात, मात्र त्यांतील काही मानवी मेंदूत वापरलेले नाहीत. ब्रोकाचा भाग म्हणजे क्षेत्र ४४ व ४५, हे समीकरण या नकाशातून आले. ते ब्रोकाचे नव्हे. संग्रहालयातील दोन मेंदूंचा त्याच्याशी कितपत मेळ आहे, हे तेव्हा कोणी तपासले नाही.

जागृत माणसाच्या मेंदूला विजेने प्रश्न विचारण्याचे काम माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड याने केले. अपस्माराच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना वाणीचा भाग कापला जाऊ नये म्हणून स्थानिक बधिरता देऊन तो बाह्यक चेतवीत असे व रुग्णास चित्रे दाखवून नावे विचारीत असे. १९५९ मध्ये त्याने लामार रॉबर्ट्‌सच्या सहकार्याने हे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. वाणीच्या प्रदेशात विद्युदग्र ठेवल्यास रुग्ण बोलू लागत नाही; उलट बोलत असलेला थांबतो. म्हणजे ओबुर्तांचे पातेच पुन्हा, अधिक सूक्ष्म रूपात. याच संस्थेत शिकलेल्या जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे मेंदू-शल्यचिकित्सेचा विभाग सुरू केला व ही विद्या भारतात आली. जॉर्ज ओजेमन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये ११७ रुग्णांच्या अशा नोंदी एकत्र केल्या, तेव्हा नावे सांगण्यास आवश्यक असे ठिपके व्यक्तिपरत्वे बरेच निरनिराळ्या जागी असल्याचे आढळले. पाठ्यपुस्तकातील ठिपका ही सरासरी होती. शल्यवैद्याच्या दृष्टीने ही बाब जीवनमरणाची नसली तरी बोलण्या-मुके होण्याची नक्कीच आहे.

स्मृतीच्या बाबतीतही याच वळणाचे एक प्रकरण घडले. १९५३ मध्ये अमेरिकेत विल्यम स्कोव्हिल याने अपस्मारावर उपाय म्हणून एका तरुणाच्या दोन्ही शंखखंडांचे आतील भाग काढले. त्याची नवी स्मृती तेव्हापासून कायमची बंद झाली, आणि १९५७ मध्ये स्कोव्हिल व ब्रेंडा मिल्नर यांच्या निबंधाने अश्वमीनाचे (मेंदूच्या त्या भागास समुद्रघोड्याच्या आकारावरून दिलेले नाव) स्मृतीतील महत्त्व स्थापित झाले. २००८ मध्ये तो गृहस्थ वारल्यावर त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करण्यात आले. २०१४ च्या अहवालानुसार अश्वमीनाचा काही भाग उरलेला होता आणि डाव्या ललाटखंडातही पूर्वी लक्षात न आलेली एक लहान इजा होती. मुख्य निष्कर्ष टळला नाही. तो किती जपून वापरावा, एवढे कळले.

लबोर्न्यचा मेंदू मध्यंतरी हरवल्यासारखा झाला होता; तो पुन्हा सापडल्यावर १९८४ मध्ये संगणकीय क्ष-किरण पद्धतीने त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने दोन्ही मेंदूंचे, त्यांना धक्का न लावता, आतील चित्रण केले. १८६१ मध्ये जे पृष्ठभागावर दिसले होते त्याहून नाश पुष्कळ खोल होता. ललाटखंडास मागील खंडांशी जोडणारा लांब तंतुसमूह दोघांतही इजाग्रस्त होता. शिवाय ब्रोकाने स्वतः दाखविलेली जागा आणि पुढील पिढ्यांनी त्याच्या नावाने ओळखलेली जागा या तंतोतंत एक नाहीत, असेही दिसून आले. त्यापूर्वीच १९७८ मध्ये जे. पी. मोर व सहकाऱ्यांनी दाखविले होते की, केवळ ब्रोकाच्या भागापुरती इजा झाल्यास येणारा मुकेपणा बहुधा काही काळात ओसरतो. कायमचा वाचाघात होण्यास त्याहून मोठा नाश लागतो. वेर्निकेचे तंतू आणि जॅक्सनचा आक्षेप दोन्ही अशा रीतीने ब्रोकाच्या काचपात्रातून बाहेर आले. ते मेंदू कापले गेले असते तर हे घडले नसते.

१९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावरून चुंबकीय चित्रणात मेंदूचा व्यापार टिपण्याचे तत्त्व मांडले, तेव्हापासून निरोगी माणूस बोलत असता कोणते भाग क्रियाशील होतात हे पाहता येते. ब्रोकाचा भाग अशा चित्रांत वारंवार उजळतो. परंतु उजळलेला भाग त्या कार्यात सहभागी आहे, एवढेच चित्र सांगते. तो अपरिहार्य आहे की नाही, हे सांगत नाही. इजेवरून अपरिहार्यता कळते, सहभागाचे स्वरूप कळत नाही. दोन्ही पद्धती अपुऱ्या आहेत, परंतु निराळ्या रीतीने. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड येथील गटाने स्नायुक्षयाच्या विकाराने वाणी गमावलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत सूक्ष्म विद्युदग्रे बसवून तिने मनात योजलेले शब्द मिनिटास ६२ या गतीने पडद्यावर आणले. विद्युदग्रे दोन ठिकाणी होती : चेहरा व जीभ यांच्या हालचालींशी संबंधित अशा पुढील चालक भागात, आणि क्षेत्र ४४ मध्ये. सर्व उपयुक्त संदेश पहिल्या ठिकाणाहून मिळाले. क्षेत्र ४४ मधून शब्दांविषयी जवळजवळ काहीच माहिती मिळाली नाही. एका रुग्णावरून सिद्धांत बांधू नये, हे खरे. पण ब्रोकाचा आरंभही एकाच रुग्णापासून झाला होता.

त्या रुग्णाचे पूर्ण नाव दीडशे वर्षे कोणी विचारले नाही. तो अशिक्षित, हलक्या वर्तनाचा मनुष्य होता, अशी एक समजूत मागाहून पसरली. पोलिश संशोधक चेझारी दोमान्स्की यांनी जुने दफ्तर तपासून २०१३ मध्ये असे प्रसिद्ध केले की, त्याचे नाव लुई व्हिक्तोर लबोर्न्य. त्याचा जन्म १८०९ मध्ये मोरे या गावी झाला आणि तो पादत्राणांसाठी लागणारे लाकडी साचे घडविणारा कारागीर होता. मोरे येथे कातडी कमावण्यासाठी झाडाची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्या सालीला फ्रेंचमध्ये ‘तां’ म्हणतात. त्याच्या मुखी राहिलेले अक्षर त्या गिरण्यांच्या आठवणीतून आले असावे, असा तर्क दोमान्स्की करतात. त्याला पुरावा नाही.